विश्लेषण : मांगातील समलिंगी प्रेमकथांचे मूळ कुठे? नोबुको योशिया कोण होत्या?

जपानी मांगा कथा आता जालना, अंबड, परतूरच्या तरुणांच्याही मोबाइलवर सहज उघडतात. त्यात शाळकरी वयातल्या दोन मुलींच्या किंवा दोन मुलांच्या प्रेमाच्या कथांचा मोठा प्रवाह आहे. तो गेल्या दहा-वीस वर्षांतला वाटतो, पण त्याचे एक मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका लेखिकेपर्यंत जाते. शाळकरी मैत्रीच्या गोष्टीचा ठरलेला शेवट या लेखिकेने आधी कागदावर आणि मग स्वतःच्या आयुष्यात बदलला. कायद्याने मात्र त्या नात्याला अखेरपर्यंत खरे नाव दिले नाही.

मांगाशी त्यांचा संबंध काय?

नोबुको योशिया यांनी मांगा काढली नाही. त्या कथा-कादंबरीकार होत्या. १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९७३ मध्ये निधन पावलेल्या योशिया आपल्या काळात जपानमधील सर्वाधिक खपाच्या आणि सर्वाधिक कमाई करणाऱ्या लेखकांपैकी एक होत्या. मुलींच्या मासिकांसाठी त्यांनी लिहिलेल्या कथांतून एक साचा तयार झाला. मुलींची शाळा किंवा वसतिगृह, एक थोरली आणि एक धाकटी मुलगी, लपवून दिलेली पत्रे, फुले, एकमेकींबद्दलची तीव्र ओढ आणि ताटातूट, असा तो साचा. पुढे मुलींसाठीच्या मांगाने, म्हणजे ‘शोजो’ मांगाने, तो जवळपास जसाच्या तसा उचलला. दोन मुलींच्या प्रेमाच्या मांगा कथांना आज ‘युरी’ म्हणतात. जपानी भाषेत युरी म्हणजे लिलीचे फूल. या प्रकाराचा इतिहास सांगणारे अभ्यासक योशिया यांच्यापासूनच सुरुवात करतात.

बालपण कसे होते?

योशिया यांचा जन्म १२ जानेवारी १८९६ रोजी निगाता येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते. आई आणि वडील दोघेही सामुराई घराण्यांतले. भावांमध्ये नोबुको ही एकुलती एक मुलगी. वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे बालपण मुख्यतः तोचिगी प्रांतात गेले. शिवण, स्वयंपाक, घर सांभाळणे यात मुलीने तरबेज व्हावे, अशी आईची अपेक्षा होती. मुलीला पुस्तकांचे वेड होते.

त्या वेळी जपान सरकारचे मुलींच्या शिक्षणाचे धोरण एका सूत्रात मावत होते : चांगली पत्नी आणि शहाणी माता घडवणे. १८९९ च्या कायद्याने प्रत्येक प्रांतात मुलींची माध्यमिक शाळा काढणे बंधनकारक झाले, पण त्यामागचा हेतू हाच होता. तोचिगीच्या मुलींच्या शाळेत योशिया शिकत असताना विचारवंत इनाझो नितोबे यांचे तिथे व्याख्यान झाले. पत्नी आणि माता होण्याच्या आधी मुलीने माणूस म्हणून घडले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. किशोरवयीन नोबुकोच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. त्याच वयात ती मुलींच्या मासिकांना लेखन पाठवू लागली होती.

‘क्लास एस’ म्हणजे काय?

मुलींच्या या निवासी आणि दिवसाच्या शाळांमध्ये मुलींच्या जोड्या जमत. थोरली ‘ताई’, धाकटी ‘बहीण’. एकमेकींना पत्रे लिहिणे, भेटवस्तू देणे, सारखे कपडे किंवा केशरचना करणे, असे त्याचे स्वरूप असे. या नात्याला ‘एस’ म्हणत. हे अक्षर सहसा ‘सिस्टर’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर मानले जाते. समाजाला त्याची कल्पना होती आणि एका मर्यादेपर्यंत ते चालवूनही घेतले जाई. अट एकच होती : शाळा संपली की हेही संपले पाहिजे. मुलीचे लग्न ठरले, की ताई-बहिणीचा अध्याय बंद.

हा अध्याय सगळ्यांनाच बंद करता येत नसे. १९११ मध्ये तोक्योच्या एका मुलींच्या शाळेत शिकलेल्या दोन मैत्रिणींनी निगाता प्रांताच्या किनाऱ्यावर एकत्र जीव दिला. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलले. मुलींमधली कोणती मैत्री ‘निरोगी’ आणि कोणती ‘धोक्याची’ यावर डॉक्टर, शिक्षक, संपादक लिहू लागले. ज्यांच्याबद्दल ही चर्चा चालली होती, त्या मुलींची बाजू कुणी विचारत नव्हते. योशिया यांचे लेखन याच पार्श्वभूमीवर सुरू झाले.

‘हाना मोनोगातारी’ इतकी गाजली का?

१९१५ मध्ये योशिया तोक्योला आल्या. १९१६ पासून एका मुलींच्या मासिकात त्यांची ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे ‘फुलांच्या गोष्टी’, ही कथामाला सुरू झाली. १९२४ पर्यंत तिच्यात ५२ कथा आल्या. प्रत्येक कथेला एका फुलाचे नाव. बहुतेक कथांमध्ये एक मुलगी दुसऱ्या मुलीकडे ओढली जाते, कधी बोलून दाखवते, कधी नाही, आणि शेवटी दुरावा, आजार किंवा मृत्यू आड येतो.

या कथांनी मुलींना त्यांच्या मनात चाललेल्या गोष्टीसाठी भाषा दिली. वयात येताना होणारी घालमेल तोपर्यंत फक्त शिस्तीचा विषय होती, ती इथे साहित्याचा विषय झाली. योशिया यांची भाषाही वेगळी होती : अर्धवट सोडलेली वाक्ये, ठिपके, उद्गार, ओळींमध्ये ठेवलेली मोकळी जागा. समीक्षकांना ती फार सजवलेली आणि भावविवश वाटे, पण वाचक मुली तीच भाषा आपल्या पत्रांत वापरू लागल्या.

१९३७ च्या सुमारास या कथा ‘शोजो नो तोमो’ या मासिकात चित्रकार जुनिची नाकाहारा यांच्या चित्रांसह पुन्हा आल्या. लांबट हात-पाय, मोठे पाणीदार डोळे, हरवलेली नजर. मुलींच्या मांगातील आजच्या चेहऱ्यांचे पूर्वज म्हणून ही चित्रे ओळखली जातात. म्हणजे मांगाला योशिया यांच्या काळातून गोष्ट मिळाली, तसा चेहराही मिळाला.

शेवट बदलला तो कुठे?

कथामाला चालू असतानाच, १९१९ च्या सुमारास, योशिया यांनी ‘यानेउरा नो निशोजो’ ही कादंबरी लिहिली. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘पोटमाळ्यावरच्या दोन मुली’. तोक्योतील ख्रिस्ती वसतिगृहाच्या पोटमाळ्यावर शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. योशिया स्वतः अशा वसतिगृहात राहिल्या होत्या. आतापर्यंतच्या साच्याप्रमाणे एकीचे लग्न तरी व्हायला हवे होते किंवा मरण तरी. इथे तसे घडत नाही. वसतिगृह सोडावे लागते तेव्हा दोघी आपले आयुष्य एकत्र घालवायचे ठरवून बाहेर पडतात.

शाळेनंतरही हे नाते राहू शकते, असे या कादंबरीने सांगितले. मासिकांना चालणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे टाकलेले हे पाऊल होते. त्याच वर्षी योशिया यांना ओसाकाच्या ‘असाही’ वर्तमानपत्राच्या कादंबरी स्पर्धेत यश मिळाले आणि मोठ्यांच्या साहित्याचे दारही उघडले.

चियो मोन्मा कोण?

जानेवारी १९२३ मध्ये योशिया यांची चियो मोन्मा यांच्याशी ओळख झाली. चियो तोक्योतील मुलींच्या शाळेत गणित शिकवत. त्या योशिया यांच्याहून वयाने लहान होत्या. ओळखीचे रूपांतर प्रेमात झाले. काही काळ नोकरीमुळे चियो दूर गेल्या, तेव्हा पत्रांचा पाऊस पडला. १९२६ पासून दोघी एकत्र राहू लागल्या. चियो यांनी योशिया यांच्या सचिव म्हणून काम हाती घेतले : हस्तलिखिते, संपादकांशी व्यवहार, घर, प्रवास. ही सोबत योशिया यांच्या मृत्यूपर्यंत, ओळखीपासून मोजली तर सुमारे ५० वर्षे टिकली.

त्यांनी ही सोबत फारशी लपवलीही नाही. त्या काळी योशिया यांनी केस आखूड कापले होते. मासिकांतले फोटो, मुलाखती, लेख यांतून दोघींचे घर वाचकांना माहीत होते. १९२५ मध्ये त्यांनी ‘कुरोबारा’, म्हणजे ‘काळा गुलाब’, हे स्वतःचे मासिक काढले. स्त्रियांमधील प्रेमावर त्यात त्या अधिक मोकळेपणाने लिहीत. ते आठ अंकांनंतर बंद पडले. दशकाच्या अखेरीस दोघी युरोपला गेल्या, पॅरिसमध्ये बराच काळ राहिल्या आणि अमेरिकेमार्गे परतल्या.

इतके मोकळे राहणे परवडले कसे?

याचे एक साधे उत्तर पैशात आहे. योशिया यांची पुस्तके तुफान खपत. १९३० च्या दशकात त्या वर्तमानपत्रांत क्रमशः कादंबऱ्या लिहू लागल्या. १९३६-३७ मधील ‘ओत्तो नो तेइसो’ या कादंबरीच्या नावातच खोच होती. पातिव्रत्याची अपेक्षा बायकोकडूनच का, ती नवऱ्याकडून का नको, असा प्रश्न तिने घरोघरी नेला. या कादंबरीवर लगेच चित्रपट निघाला. योशिया यांनी स्वतःच्या कमाईवर घरे बांधली, मोटार घेतली, रेसचे घोडे पाळले. लग्नावर पोट अवलंबून नसलेली स्त्री लग्नाला नकार देऊ शकते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले. त्यांच्या हजारो वाचक मुलींना मात्र ही सोय नव्हती.

युद्धकाळात त्यांनी काय केले?

त्यांच्या चरित्रातला हा डाग आहे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर योशिया स्त्रियांच्या मासिकासाठी आघाडीवरून वार्तांकन करू लागल्या. १९३८ मध्ये सरकारने लेखकांचे पथक चीनला पाठवले, त्यातल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. पुढे त्या आग्नेय आशियातही गेल्या. त्यांचे हे लेखन युद्धाला पाठबळ देणारे होते. पुरुषांच्या सत्तेवर बोट ठेवणारी लेखिका साम्राज्याच्या सत्तेपुढे मात्र गप्प राहिली, अशी टीका अभ्यासक करतात आणि ती रास्त आहे.

गंमत अशी की त्याच सरकारला योशिया यांचे जुने जग खुपत होते. हळव्या, स्वप्नाळू मुली युद्धाच्या उपयोगाच्या नाहीत म्हणून नाकाहारा यांची चित्रे १९४० मध्ये मासिकातून हटवण्यात आली. युद्धानंतर मुले-मुली एकत्र शिकू लागली आणि ‘क्लास एस’ची शाळा हळूहळू विरली.

जोडीदाराला ‘मुलगी’ म्हणून दत्तक का घेतले?

१९५७ मध्ये योशिया यांनी चियो यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले. तेव्हा त्यांचे वय ६१ होते आणि एकत्र राहण्याला तीस वर्षे होऊन गेली होती. जपानी कायद्यात दोन स्त्रियांच्या विवाहाला जागा नव्हती. कागदोपत्री त्या एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. एक आजारी पडली तर उपचारांचा निर्णय दुसरीला घेता येणार नव्हता. एक गेली तर वारसाहक्क रक्ताच्या नातेवाइकांकडे गेला असता.

मात्र जपानमध्ये प्रौढ व्यक्तीला दत्तक घेता येते, फक्त दत्तक घेणारी व्यक्ती वयाने मोठी हवी. व्यवसायाचे किंवा घराण्याचे नाव पुढे चालवण्यासाठी ही पद्धत पूर्वापार वापरात होती. योशिया यांनी तीच वापरली. शाळेत ‘ताई’ आणि ‘बहीण’ म्हणवल्या जाणाऱ्या नात्याला कायद्याने दिलेले नाव ‘आई’ आणि ‘मुलगी’ असे निघाले. जोडीदार हा शब्द दोन्हीकडे नव्हता. जपानमधील अनेक समलिंगी जोडप्यांनी पुढेही हाच मार्ग धरला.

अखेरची वर्षे कशी गेली?

युद्धानंतर योशिया यांचे लेखन नव्या वळणावर गेले. ‘ओनिबी’ या कथेला १९५२ मध्ये स्त्री-साहित्याचा पुरस्कार मिळाला. १९६० च्या दशकात त्या इतिहासाकडे वळल्या. तोकुगावा राजवटीच्या अंतःपुरातील स्त्रिया आणि नंतर हेइके घराण्यातील स्त्रिया त्यांच्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आल्या. इतिहासात पुरुषांच्या लढाया लिहिल्या जातात, त्यांच्या मागच्या स्त्रिया दिसत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. १९६२ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या कामाकुरा गावात बागेसह घर बांधले. ११ जुलै १९७३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते घर त्यांच्या इच्छेनुसार स्त्रियांच्या सांस्कृतिक आणि शैक्षणिक कामासाठी कामाकुरा शहराकडे गेले. आज ते त्यांचे स्मारक आहे आणि वर्षातील ठरावीक दिवशी पाहता येते.

पुढे मांगाने काय केले?

योशिया हयात असतानाच, १९७१ मध्ये, रियोको यामागिशी यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ ही मांगा कथा आली. फ्रान्समधील निवासी शाळा आणि एका खोलीत राहणाऱ्या दोन मुली. पहिली युरी मांगा म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचा शेवट मात्र जुनाच होता : एकीचा मृत्यू. त्याच पिढीतील मोतो हागिओ यांनी १९७४ मध्ये, तर केइको ताकेमिया यांनी १९७६ पासून निवासी शाळेतील मुलांमधल्या प्रेमाच्या मालिका काढल्या. ‘बॉईज लव्ह’ या आजच्या प्रकाराचा पाया तिथे घातला गेला. तिथेही मृत्यू वारंवार येत राहिला.

शेवट बदलायला आणखी बरीच वर्षे लागली. १९९८ पासून आलेल्या ‘मारिया-सामा गा मितेरु’ या कादंबरीमालेने ताई-बहिणीच्या जोड्या पुन्हा लोकप्रिय केल्या. ताकाको शिमुरा यांची ‘आओई हाना’ ही मांगा मालिका २००४ ते २०१३ या काळात चालली. तिच्यातल्या फुमीला आपल्याला मुली आवडतात हे कळते, ती ते बालमैत्रिणीला सांगते, आणि ही गोष्ट शाळेबरोबर संपत नाही. ही मालिका कामाकुरातच घडते, जिथे योशिया यांचे घर आहे. २०१५ ते २०१९ मधील ‘यागाते किमी नि नारु’ तर प्रेम म्हणजे नेमके काय वाटणे, या प्रश्नावरच उभी आहे. गेंगोरो तागामे यांनी २०१४ पासून ‘ओतोतो नो ओत्तो’ मध्ये दिवंगत भावाच्या नवऱ्याला घरात घेणाऱ्या एका बापाची आणि त्याच्या लहान मुलीची गोष्ट सांगितली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर सापडलेला शेवट मांगाच्या मुख्य प्रवाहात यायला जवळपास नव्वद वर्षे गेली.

महाराष्ट्राशी याचा काही धागा जुळतो का?

अनपेक्षितपणे जुळतो. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली. त्यांनी ते १९१६ मध्ये पुण्यात सुरू केले, म्हणजे ‘हाना मोनोगातारी’ सुरू झाली त्याच वर्षी. आजचे एसएनडीटी विद्यापीठ ते हेच.

त्यांचे पुत्र र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. ज्याला शंका आहे त्याला माहिती मिळालीच पाहिजे, अशी आंबेडकरांची भूमिका होती. खटला कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला. जपानमध्ये मुलींची मासिके ज्या विषयावर कथा छापत होती, त्या विषयावरचे साधे उत्तरही इथे गुन्हा ठरले.

जालना जिल्हा अस्तित्वात आला त्या १९८१ सालीच विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले. कॉलेजात शिकणारी सुमित्रा नाटकात पुरुषाची भूमिका करते, समोरच्या मुलीच्या प्रेमात पडते आणि स्वतःला ओळखते. मराठीतील ही धीट गोष्टही सुमित्राच्या आत्महत्येने संपते. दहा वर्षांपूर्वीच्या जपानी मांगाचा शेवट आणि या नाटकाचा शेवट, दोन्हींत जगण्याला वाट मिळत नाही.

आज स्थिती काय आहे?

जपानमध्ये २०१५ पासून तोक्योच्या शिबुया आणि सेतागाया या भागांनी समलिंगी जोडप्यांना जोडीदार असल्याचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. नंतर अनेक शहरांनी ते स्वीकारले. २०२४ पासून काही उच्च न्यायालयांनी विवाहाचा हक्क नाकारणे घटनाबाह्य ठरवले, पण राष्ट्रीय कायदा बदललेला नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. योशिया यांचा दत्तकाचा मार्ग इथे जवळपास बंद आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार, रूढीचा अपवाद सोडला, तर १५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला दत्तक घेता येत नाही. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला वारसनोंद देण्यास आडकाठी नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. घर आणि मालमत्ता जोडीदाराला मिळावी असे वाटत असेल, तर वेळेत मृत्युपत्र करून ठेवणे हाच आजचा हाताशी असलेला उपाय आहे.